डंप-विश्लेषण व एक्झिट रूटीन

मेनफ्रेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकाचे कार्य दोषामुळे खंडित झाले असता, त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे काही असेल त्याची जशीच्या तशी घेतलेली प्रत म्हणजे डंप होय. दोष घडून गेल्यानंतर त्याचे कारण शोधण्याचे हे प्रमुख साधन आहे. डंप वाचणाऱ्या प्रमाणित आज्ञावलीस वापरकर्त्या संस्थेने स्वतः लिहून जोडलेल्या लहान आज्ञावलीला एक्झिट रूटीन म्हणतात. मूळ आज्ञावली ठराविक ठिकाणी नियंत्रण तिच्याकडे सोपविते व काम झाल्यावर परत घेते.

उगम : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या टिफ्रॅक या संगणकाच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या परिमाणात ही स्मृती सु. १० हजार बाइट भरते. एवढी स्मृती अभ्यासू माणसास कागदावर उतरवून डोळ्यांखालून घालणे शक्य होते. याच संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० या यंत्रातील शब्द ४८ द्विमान अंकांचा होता व अष्टमान पद्धतीत तो १६ आकड्यांनी लिहिला जाई. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी आयबीएम कंपनीने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यात आठ द्विमान अंकांचा बाइट, १६ सर्वसाधारण रजिस्टरे व षोडशमान पद्धतीतील डंप रूढ झाले. आज्ञावली अवेळी थांबली म्हणजे यंत्र एक संकेतांक देई. मनाई असलेल्या स्मृतिभागास स्पर्श झाल्यास ०सी४ आणि अंकाच्या जागी अंक नसलेले काही आल्यास ०सी७, हे संकेतांक आजही मेनफ्रेमवर काम करणाऱ्यांच्या तोंडी आहेत.

स्मृती वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९७४ मध्ये आलेल्या एमव्हीएस या प्रचालन प्रणालीत प्रत्येक कामास १६ मेगाबाइटचा स्वतंत्र आभासी स्मृतिप्रदेश मिळे. ओळीस ३२ बाइट या प्रमाणे तो संपूर्ण छापावयाचा झाल्यास ५,२४,२८८ ओळी, म्हणजे पानास ६० ओळी धरून सु. ८,७०० पाने होतात. १९८३ मधील एमव्हीएस/एक्सए या आवृत्तीने ही मर्यादा १२८ पटींनी वाढवून दोन गिगाबाइटवर नेली. यामुळे डंप छापून वाचण्याऐवजी तो चकतीवर ठेवून हवा तेवढाच भाग पडद्यावर मागविण्याची रीत पडली. आयपीसीएस ही त्यासाठीची आज्ञावली १९८० च्या दशकात रुळली. तिच्यापूर्वीच्या, डंप छापणाऱ्या एएमडीपीआरडीएमपी या साधनातही वापरकर्त्याच्या एक्झिट जोडण्याची सोय होती.

गरज व कार्यपद्धती : प्रचालन प्रणाली आपली सर्व व्यवस्था नियंत्रण-खंडांत ठेवते. एका खंडात दुसऱ्याचा पत्ता असतो आणि अशा साखळ्यांतून यंत्राची त्या क्षणीची स्थिती उलगडते. प्रणालीचे स्वतःचे खंड आयपीसीएस ओळखते. मात्र एखाद्या बँकेने अथवा विमा संस्थेने आपल्या व्यवहारांच्या रांगेसाठी स्वतः रचलेले खंड तिला केवळ आकड्यांचा ढीग वाटतात. ती रांग कड्या-कड्यांनी हाताने शोधण्यास तास लागतात. तेच काम एक्झिट रूटीन क्षणात करून प्रलंबित व्यवहारांचा सुवाच्य तक्ता मांडते. तिचे नाव बीएलएससीईसीटी या तालिकेत नोंदवितात आणि व्हर्बएक्झिट ही आज्ञा देऊन तिला पाचारण करतात. सीआयसीएस व डीबी२ यांसारख्या मोठ्या उत्पादनांचे डंपही अशाच, उत्पादकाने पुरविलेल्या एक्झिटांच्या द्वारे वाचले जातात.

एक्झिट लिहिताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. पहिली म्हणजे, डंपातील पत्ता हा मृत यंत्राचा पत्ता असतो. विश्लेषण करणाऱ्या चालू यंत्रात त्याच पत्त्यावर वेगळेच काही असते. म्हणून एक्झिटने तो पत्ता थेट न वापरता आयपीसीएसच्या स्मृतिवाचन सेवेकडे त्या भागाची प्रत मागावी लागते. दुसरी गोष्ट अशी की, दोषामुळे साखळी तुटलेली किंवा स्वतःकडेच वळलेली असू शकते. प्रत्येक खंडाच्या आरंभीची ओळखखूण न तपासता व पावलांची मर्यादा न घालता पुढे जाणारी एक्झिट स्वतःच अडकून पडते, अथवा त्याहून वाईट म्हणजे, विश्वासार्ह भासणारा चुकीचा तक्ता देते.

ज्ञानाचा अधिकार : आयबीएम पूर्वी आपल्या प्रचालन प्रणालीची मूळ संहिता ग्राहकांस उपलब्ध करून देत असे. १९८३ मध्ये यापुढे केवळ यंत्रभाषेतील रूप देण्याचे धोरण तिने जाहीर केले. शेअर या वापरकर्त्यांच्या संघटनेने त्यास विरोध केला, परंतु धोरण कायम राहिले. संहिता मिटल्यावर बिघाडाचा अर्थ स्वतः लावण्यासाठी ग्राहकांहाती प्रसिद्ध केलेली खंडवर्णने व एक्झिटांची दारे एवढेच उरले. एक्झिट रूटीन ही केवळ सोय नसून, आपले यंत्र का थांबले हे उत्पादकावाचून जाणून घेण्याचा मार्ग ठरली, ती यामुळे.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रीतीने आधीच उभा राहिला होता. परकीय चलन नियमन अधिनियम, १९७३ नुसार भागभांडवल कमी करण्याऐवजी आयबीएमने १९७८ मध्ये देश सोडला. तिच्या यंत्रांच्या देखभालीचा भार कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने उचलला. त्यांपैकी आयबीएम १४०१ यंत्रांची स्मृती जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची होती व तिचा उतारा थोड्या पानांत मावे. निर्मात्याचा आधार नसताना तो वाचून दोष हुडकणे, हे येथील तंत्रज्ञांचे शिक्षण ठरले. ही कंपनी पुढे २०१५ मध्ये मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. इ. स. २००० च्या वर्षांक-दुरुस्तीच्या काळात परदेशी मेनफ्रेमवरील बरेच काम मुंबई व पुणे येथील कंपन्यांकडे आले आणि समुद्रापारच्या यंत्राचा डंप येथे बसून वाचणे नित्याचे झाले.

गोपनीयता : डंपात यंत्राच्या स्थितीबरोबरच खातेदारांची नावे, शिलका व आजारांच्या नोंदीही येऊ शकतात. असा डंप दुरुस्तीसाठी दुसऱ्या संस्थेकडे पाठविणे म्हणजे ती माहितीही पाठविणे होय. आयबीएमने २०१९ च्या झेड१५ यंत्राबरोबर संवेदनशील भाग वगळून डंप देण्याची सोय आणली. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. नेमके आवश्यक तेवढेच रकाने दाखविणारी व बाकीचे झाकणारी एक्झिट रूटीन असल्यास संस्थेस डंप बाहेर न देता केवळ तिचा तक्ता देऊन पुष्कळदा भागविता येते.