शपथ घेतल्यानंतर

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील प्रवचनमालेच्या अखेरीस मी आमच्या धर्मग्रामातील पुरुषांना मद्यत्यागाची शपथ दिली. वेदीसमोर कितीतरी हात उंचावले गेले आणि मी धन्य झालो. ईस्टर उलटला, लग्नसराई सुरू झाली आणि मांडवातल्या मांडवात त्यांतील बहुतेक शपथा विरून गेल्या. दोष त्या माणसांचा, असे मी बराच काळ समजत होतो. पुढे आयर्लंडमधील ख्रिस्तसभेचा इतिहास वाचताना एका कपुचिन धर्मगुरूची हकिकत हाती लागली, आणि दोषाची वाटणी मला पुन्हा करावी लागली.

थिओबाल्ड मॅथ्यू यांचा जन्म १७९० साली टिपेररी परगण्यातला. १८१४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे कॉर्क शहरातील गोरगरिबांत त्यांचे आयुष्य गेले. त्या काळच्या आयर्लंडमध्ये बाजार असो, लग्न असो की मयत, व्हिस्कीवाचून काही पार पडत नसे. मद्यपानाविरुद्ध बोलणारी मंडळे होती; परंतु त्यांचे पुढारी बहुधा प्रोटेस्टंट असल्याने कॅथोलिक जनता त्यांच्याकडे संशयाने पाही. विल्यम मार्टिन नावाच्या एका क्वेकरपंथीय गृहस्थाने फादर मॅथ्यू यांच्यामागे लकडा लावला, आणि १० एप्रिल १८३८ रोजी त्यांनी स्वतः संपूर्ण मद्यत्यागाच्या वहीत सही केली. एका कॅथोलिक धर्मगुरूला या कार्यात क्वेकराने ओढले, हे आमच्या सेमिनरीत आम्हांला कोणी सांगितले नव्हते!

त्यानंतर जे घडले ते चमत्कारासारखे होते. डिसेंबर १८३९ मध्ये फादर मॅथ्यू लिमरिकला गेले तेव्हा गर्दीच्या रेट्याने नदीकाठचे लोखंडी कठडे मोडून माणसे पाण्यात पडली. लोक रांगेने गुडघे टेकत, शपथ उच्चारत आणि पदक घेऊन उठत. आजारी माणसांना त्यांच्या हस्तस्पर्शासाठी आणले जाई. ते त्यांना रुचत नसे, पण थोपवताही येत नसे. गावोगावी वाचनालये निघाली, मद्यत्यागी मंडळींची बँडपथके उभी राहिली. १८३८ साली कर भरलेल्या दारूचा खप सुमारे १ कोटी २० लाख गॅलन होता. १८४२ साली तो ६० लाखांच्या आत आला. चोरट्या भट्ट्यांचा हिशेब अर्थातच यात नाही. फादर मॅथ्यू यांच्या स्वतःच्या कुटुंबातील माणसे दारू गाळण्याच्या धंद्यात होती, हेही लक्षात घ्यावे. या यशाची झळ त्यांच्या घरालाच बसली.

मात्र हा सारा डोलारा एका माणसाच्या खांद्यावर उभा होता. शपथ देऊन फादर पुढच्या गावी निघून जात. मागे राहिलेल्या शेतकऱ्याला आठवडी बाजाराच्या संध्याकाळी कोण सांभाळणार, याची व्यवस्था फारच थोड्या ठिकाणी झाली. काही बिशपांना ही चळवळ पसंत नव्हती. ट्यूअमचे महागुरुस्वामी मॅकहेल तर उघड विरोधात होते. हिशेबाच्या बाबतीत फादर अगदीच भोळे. पदकांचे कर्ज एवढे वाढले की १८४४ च्या सुमारास त्यांच्यावर अटकेची नामुष्की ओढवली. आणि मग दुष्काळ आला. १८४६ च्या जुलैअखेर कॉर्कहून डब्लिनला जाताना त्यांनी बटाट्याची शेते फुलांनी डवरलेली पाहिली. आठवड्याभराने परतताना तीच शेते कुजलेली दिसली. त्यांनी अन्नछत्रे चालविली, प्रेते पुरली. ज्यांनी शपथ घेतली होती त्यांतील असंख्य माणसे मेली, असंख्य बोटीत बसून अमेरिकेला गेली. १८५६ च्या ८ डिसेंबरला फादर मॅथ्यू यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांची चळवळ त्यांच्याआधीच निवर्तल्यासारखी होती.

यावर विचार केला तो येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी. १८९८ च्या डिसेंबरात डब्लिनच्या गार्डिनर स्ट्रीटवरील चर्चमध्ये त्यांनी ‘पायोनियर’ संघ स्थापन केला, तो अवघ्या चार स्त्रियांना घेऊन! त्यांपैकी कोणीही व्यसनी नव्हती. ज्याला दारूची गरज नाही त्याने, ज्याला ती सोडवत नाही त्याच्यासाठी ती वर्ज्य करावी, छातीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह लावावे आणि रोज त्या दुबळ्या भावासाठी प्रार्थना करावी, ही त्यांची कल्पना. मला ती अद्भुत वाटते. पिणाऱ्याला एकट्याने उभे करायचे नाही. त्याच्याभोवती न पिणाऱ्यांची भिंत उभारायची.

त्याच डब्लिनमध्ये मॅट टाल्बट नावाचा मजूर राहत असे. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, हाती पैसा नसताना तो गुत्त्याजवळ उभा राहिला. रोजचे सोबती पुढे निघून गेले, एकानेही त्याला आत बोलावले नाही. त्याने त्याच दिवशी धर्मगुरूकडे जाऊन शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची. नंतर सहा महिन्यांची, मग जन्माची. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्याला वंदनीय घोषित केले. पहिली शपथ देणाऱ्या धर्मगुरूने त्याच्याकडून जन्मभराचे वचन घेतले नाही, ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. मी मात्र त्या रात्री सर्वांकडून जन्मभराचेच मागितले होते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्याही घरी गेलो नव्हतो.

गेल्या उपवासकाळात मी हात वर करायला सांगितले नाही. जे पीत नाहीत अशा कुटुंबांना आधी भेटलो आणि आपल्या घरच्या कार्यात मद्य न ठेवण्याची विनंती केली. काहींनी नकार दिला. पाहुणे काय म्हणतील, हा प्रश्न खोटा नाही. अकरा घरे तयार झाली. पिणाऱ्यांपैकी चौघे तीन महिन्यांसाठी पुढे आले असून दर शुक्रवारी ते त्यांतल्याच एका घरी जेवायला जमतात. त्या अकरा घरांपैकी एकात येत्या मे महिन्यात लग्न आहे.