राखुंडी, मिशेरी आणि अलाइनर

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या या पट्ट्यात तेव्हा दात घासायचे ते काडीने किंवा बोटाने. कुणाच्या हातात कडुनिंबाची, बाभळीची काडी, कुणाच्या बोटावर राखुंडी, आणि कित्येक बायकांच्या कनवटीला मिशेरीची डबी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि चिमूट बोटावर घेऊन चोळत बसायचं. दात स्वच्छ राहावेत म्हणून सुरू झालेलं हे घासणं पुढे दिवसातून अनेकदा लागायचं. ते व्यसनच होतं, आणि तोंडाच्या कर्करोगापर्यंत नेणारं.

राखुंडी म्हणजे शेणीची राख, सोबत मीठ, कधी तुरटी. राख बोटांना मऊ लागते, पण तिच्यात सिलिकाचे कण असतात. वर्षानुवर्षं जोर लावून घासलं की हिरडीलगत, जिथे इनॅमल मुळातच पातळ, तिथे खाच पडते आणि गार पाण्याची कळ जाते ती थेट डोक्यात.

इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच. पण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. मऊ पडलेल्या पृष्ठभागाला लाळ थोडी खनिजं परत देते. गेलेला थर मात्र पुन्हा येत नाही. म्हणूनच आज वाशी-खारघरच्या दवाखान्यांत दात सरळ करणारे अलाइनर घ्यायला आलेली माणसं आधी विचारतात, ‘डॉक्टर, दात झिजणार तर नाहीत ना?’ प्रश्न अगदी रास्त आहे.

वाकडे दात सरळ करण्याचं शास्त्र जुनं आहे. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण मांडलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. नवी मुंबईत आज नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. पारदर्शक अलाइनरची कंपनी कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये निघाली, झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांच्या पुढाकाराने. दातांच्या मापाचे प्लास्टिकचे साचे एकामागून एक बदलायचे आणि दिवसाचे २० ते २२ तास घालायचे, ही त्यातली रीत.

प्लास्टिक इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ असतं, त्यामुळे साच्याच्या घासण्याने दात झिजत नाहीत. काळजी करायची ती दुसरीकडे. दाटीतल्या दातांना जागा हवी असेल तर डॉक्टर दोन दातांमध्ये बारीक खरखरीत पट्टी मागे-पुढे ओढतात, मग फटीत पातळ पत्र्याचं माप घालून पाहतात. यात इनॅमल खरोखर कमी होतं: एका फटीत साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे प्रत्येक दाताचं पाव मिलिमीटर. खालच्या पुढच्या दातांच्या कडेला मुळात ते एक मिलिमीटरहूनही पातळ, तेव्हा इथे हात जपूनच चालायला हवा. दिलासा असा की नॉर्वेचे ब्यॉर्न झाक्रिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, असं घासून दहाहून अधिक वर्षं झालेल्या पुढच्या दातांना कीड वाढलेली आढळली नाही.

साचा पकडून ठेवायला दातांवर चिकटवलेले बारीक उंचवटे शेवटी काढावे लागतात. तिथेही घाईचा हात इनॅमल ओरखडतो.

आणि तिसरी गोष्ट रुग्णाच्याच हातची. साचा तोंडात ठेवून लिंबू सरबत किंवा कोला प्यायलं की आंबट द्रव आत अडकतो आणि तो धुऊन काढायला लाळ पोचत नाही. पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. म्हणून साचा तोंडात असताना फक्त साधं पाणी प्या. आंबट काही घेतलं तर चूळ भरा, आणि लगेच ब्रश लावू नका, अर्धा तास थांबा. उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा: कोणते दात घासणार, किती दशांश मिलिमीटर? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.