आधी खुष्की, मग समुद्र : अलास्का क्रूझपूर्वीच्या स्वतंत्र प्रवासाची आखणी

उन्हाळा जवळ आला की सरे परिसरातील अनेक मराठी घरांत एकच बेत शिजू लागतो. पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून आई-वडील येणार असतात आणि त्यांना रॉकी पर्वत व अलास्का या दोन्ही गोष्टी एकाच दौऱ्यात दाखवायच्या असतात. क्रूझ कंपन्या जमीन आणि समुद्र यांची एकत्रित सहल विकतात; परंतु तिचा खर्च, ठरीव वेळापत्रक आणि ज्येष्ठांच्या खाण्यापिण्याच्या सवयी ध्यानात घेता अनेक कुटुंबे खुष्कीचा प्रवास स्वतःच आखणे पसंत करतात. हा पर्याय उत्तम आहे, मात्र त्यात एक मूलभूत फरक आहे. कंपनीच्या सहलीत बस अथवा रेल्वे रखडली तर प्रवाशांना जहाजापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. स्वतंत्र प्रवासात ती सर्वस्वी आपली असते आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून अशा प्रवासाची आखणी घरातून निघण्याच्या दिवसापासून पुढे नव्हे, तर जहाज सुटण्याच्या घटकेपासून मागे करावी.

कागदपत्रे

अलास्का हे अमेरिकेचे राज्य आहे. त्यामुळे जहाज व्हँकूवरहून सुटून व्हँकूवरलाच परतणार असले तरी भारतीय पारपत्रधारकाला अमेरिकेचा व्हिसा लागतो. कॅनडाचे कायम वास्तव्य मिळालेल्या, परंतु भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या व्यक्तींनाही हाच नियम लागू आहे. अनेक घरांत नेमकी येथेच गफलत होते : मुलगा-सून कॅनडाचे नागरिक असतात, आई-वडिलांकडे कॅनडाचा वैध व्हिसा असतो आणि अमेरिकेच्या व्हिसाचा विचार आरक्षणानंतर सुचतो. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने बिगर-स्थलांतरित व्हिसाच्या अर्जदारांनी आपल्या राष्ट्रीयत्वाच्या किंवा नियमित वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असे धोरण स्वीकारले आहे. आई-वडील येथे आल्यावर व्हँकूवरच्या वाणिज्य दूतावासात अर्ज करू, हा भरवसा म्हणूनच धरू नये. व्हिसा भारतातून निघण्यापूर्वी हाती असावा. तो मिळेपर्यंत परत न मिळणारे पैसे क्रूझमध्ये अडकवू नयेत.

परतीच्या प्रवेशाचाही विचार हवा. कायम वासियांनी पीआर कार्डाची मुदत पाहावी आणि पाहुण्यांनी आपला कॅनडाचा व्हिसा व मुक्कामाची मुदत तपासावी. व्हँकूवरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी जहाजावर चढण्यापूर्वीच होते. कागदात त्रुटी निघाली तर प्रवास तेथेच संपतो. दुरुस्तीला अवधी उरत नाही.

पहिला मार्ग : कॅल्गरी ते सरे

सरेच्या रहिवाशांसाठी सर्वात सोयीचा क्रम म्हणजे विमानाने कॅल्गरी गाठून मोटारीने पश्चिमेकडे परतणे. त्यामुळे तेच अंतर दोनदा कापावे लागत नाही आणि प्रत्येक दिवस बंदराच्या जवळ आणतो. व्हँकूवरप्रमाणेच अ‍ॅबट्सफर्डच्या विमानतळावरूनही कॅल्गरीसाठी विमाने सुटतात. सरेच्या पूर्व भागातील कुटुंबांना तो जवळ पडतो. भाड्याची मोटार एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडल्यास वेगळे शुल्क पडते, ते आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे.

जहाज सुटण्याचा दिवस शून्य धरला, तर मागे मोजत जाणारे वेळापत्रक असे मांडता येईल :

• उणे सात : विमानाने कॅल्गरी, तेथून सुमारे १३० किलोमीटरवरील बॅन्फ येथे मुक्काम.
• उणे सहा आणि उणे पाच : बॅन्फ, लेक लुईस, मोरेन लेक.
• उणे चार : लेक लुईस ते जॅस्पर, २३० किलोमीटर. हा आइसफील्ड्स पार्कवे आहे. अंतर लहान असले तरी पूर्ण दिवस राखावा.
• उणे तीन : जॅस्पर ते कॅम्लूप्स, सुमारे ४४० किलोमीटर.
• उणे दोन : कॅम्लूप्सहून कोकिहाला महामार्गाने होप आणि पुढे सरे, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास.
• उणे एक : सरेमध्ये मोकळा दिवस.

मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी मोटारींना बंदी आहे. पार्क्स कॅनडाच्या शटल बसचे आरक्षण आधी करावे लागते आणि उन्हाळ्यातील जागा लवकर भरतात. आइसफील्ड्स पार्कवेवर बहुतांश ठिकाणी मोबाइलचे जाळे मिळत नाही आणि लेक लुईस ते जॅस्पर दरम्यान इंधनाची सोय केवळ सस्कॅचवन रिव्हर क्रॉसिंग येथे, तीही हंगामापुरती असते. टाकी भरून घ्यावी आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. या रस्त्यावरील बो खिंड दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. जुलैतही तेथे बोचरा वारा असतो. हृदयविकार किंवा श्वसनाचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच हा टप्पा ठरवावा.

हंगामाच्या आरंभीची, एप्रिलमधील क्रूझ घेतली असेल तर आणखी एक नियम लक्षात ठेवावा. ब्रिटिश कोलंबियातील घाटरस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

मोकळा दिवस कशासाठी?

वरील तक्त्यातील ‘उणे एक’ हा दिवस खर्चिक वाटतो आणि सुट्टी कमी पडू लागली की पहिली कात्री त्यालाच लागते. वस्तुतः सारी आखणी त्याच्यावरच उभी आहे. नोव्हेंबर २०२१ मधील अतिवृष्टीत कोकिहाला महामार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला आणि व्हँकूवर परिसराचा उर्वरित कॅनडाशी असलेला रस्त्याचा संबंध काही काळ तुटला. ऑगस्ट २०२३ मध्ये शुस्वॉप भागातील वणव्यामुळे ट्रान्स-कॅनडा महामार्ग बंद झाला. जुलै २०२४ मध्ये जॅस्पर हे संपूर्ण गाव रात्रीतून रिकामे करावे लागले आणि पुढे त्याचा मोठा भाग जळाला. वणव्यांचा हंगाम आणि क्रूझचा हंगाम बहुतांशी एकच आहेत. एखादा रस्ता बंद झाल्यास वळसा घालायला जो वेळ लागेल, तो याच दिवसातून मिळतो. प्रांताच्या ड्राइव्हबीसी या संकेतस्थळावर रोज सकाळी निघण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती पाहावी.

रेल्वेचा पर्याय

ज्यांना मोटार चालवायची नाही त्यांच्यासाठी दोन रेल्वेगाड्या आहेत. रॉकी माउंटेनियर ही केवळ दिवसा धावणारी पर्यटन गाडी बॅन्फ किंवा जॅस्परहून दोन दिवसांत व्हँकूवरला येते. मधली रात्र कॅम्लूप्सच्या हॉटेलात काढावी लागते. व्हाया रेलची ‘कॅनेडियन’ ही टोरांटो ते व्हँकूवर हे ४,४६६ किलोमीटरचे अंतर चार रात्रींत कापते. ती एडमंटन आणि जॅस्परमार्गे जाते. बॅन्फ व कॅल्गरी तिच्या मार्गावर नाहीत. रूळ मालगाडी कंपनीच्या मालकीचे असल्याने ही गाडी अनेकदा मालगाड्यांसाठी थांबते आणि काही तास उशिरा पोहोचते. तिच्या वेळापत्रकात सकाळी पोहोचण्याची वेळ दिसते म्हणून त्याच दुपारचे जहाज धरण्याचे धाडस करू नये.

दुसरा मार्ग : आधी अलास्का, मग दक्षिणेकडे जहाज

काही जहाजे अलास्कातील सिवर्ड किंवा व्हिटियर येथून सुटून व्हँकूवरला येतात. सरेकरांना हा क्रम विशेष सोयीचा, कारण प्रवास घराजवळ संपतो. विमानाने फेअरबँक्सला जावे, अलास्का रेल्वेने डेनाली राष्ट्रीय उद्यानमार्गे अँकरेज गाठावे आणि तेथून बंदरावर यावे. अँकरेज ते सिवर्ड हा रेल्वेप्रवास साधारण सव्वाचार तासांचा आहे. व्हिटियरला जाणारा रस्ता सुमारे चार किलोमीटरच्या एकपदरी बोगद्यातून जातो. मोटारी आणि रेल्वे आळीपाळीने तोच बोगदा वापरतात, म्हणून एक फेरी चुकली की पुढच्या वेळेची वाट पाहावी लागते. येथेही बोटीच्या आदली रात्र अँकरेज किंवा बंदराच्या गावातच काढावी.

जहाज चुकले तर?

‘पुढच्या बंदरावर गाठू’ हा विचार दिसतो तितका सोपा नाही. १८८६ च्या अमेरिकी प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरावर प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरावर उतरवण्यावर निर्बंध आहेत, आणि अलास्काला जाणारी बहुतेक मोठी जहाजे परदेशी ध्वजाची असतात. व्हँकूवर ते सिवर्ड या एकेरी सफरीत व्हँकूवर चुकवून केचिकनला चढणे आणि सिवर्डला उतरणे या निर्बंधात सापडते. सफर व्हँकूवरलाच परतणारी असेल तर हा कायदा आड येत नाही, तरीही कंपनीची पूर्वपरवानगी, विमानाचा खर्च आणि इमिग्रेशनचे सोपस्कार उरतातच. विमा घेताना प्रवास चुकल्यास मिळणाऱ्या भरपाईत रस्ता बंद होणे हे कारण धरले आहे का, तसेच आई-वडिलांच्या वैद्यकीय विम्यात अमेरिकेतील दिवसांचा समावेश आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

शेवटचा टप्पा

शून्य दिवशी मोटार घरीच ठेवावी. सरेतील किंग जॉर्ज स्थानकावरून स्कायट्रेनची एक्स्पो लाइन सुमारे चाळीस मिनिटांत वॉटरफ्रंट स्थानकावर आणते. तेथून कॅनडा प्लेस पायी काही मिनिटांवर आहे. सकाळच्या कचेरीच्या गर्दीची वेळ टाळली की मोठ्या बॅगा नेणे जड जात नाही. धक्क्यावर एकाच दिवशी दोन-तीन जहाजे असली तर तपासणीच्या रांगा लांबतात. जहाज बहुधा दुपारी उशिरा सुटते, परंतु प्रवेश त्यापूर्वी तास-दीड तास बंद होतो; तिकिटावरील आपल्या वेळेलाच पोहोचावे. धक्क्यावर सोपवलेले सामान खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधे, पारपत्रे आणि एक गरम कपडा हातातील पिशवीत ठेवावा.

भारत आणि येथील घड्याळात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो. नुकत्याच उतरलेल्या ज्येष्ठांना लगेच घाटरस्त्याला नेण्याऐवजी चार-पाच दिवस घरी विसावू द्यावे. हे दिवस आणि बंदरापूर्वीचा तो एक मोकळा दिवस सोडून बाकी कोणत्याही स्थळाला कात्री लावता येईल. बॅन्फचा एखादा तलाव पुढच्या खेपेस पाहता येतो. आई-वडिलांची पुढची खेप मात्र त्यांच्या वयावर आणि प्रकृतीवर अवलंबून असते.