भूतांत्रिक अभियांत्रिकी व ऊर्जापुरवठा

माती, खडक व त्यांतील पाणी यांचा स्वभाव तपासून त्यानुसार बांधकाम आखणारी स्थापत्य अभियांत्रिकीची शाखा. पवनचक्कीचा पाया, धरणाचे बूड, वीजगृहाची गुहा ही तिची कामे. फिनलंडमध्ये ऑन्कालो येथे वापरलेले अणुइंधन तांब्याच्या डब्यांत बंद करून ४०० मीटरांहून खोल खडकात पुरण्यासाठी भुयारे खोदली आहेत. डब्यांभोवती बेंटोनाइट ही माती असते; पाणी लागताच ती फुगते आणि फटी बुजवते.

ऊन आणि वारा मागणीची वेळ पाहून येत नाहीत, म्हणून त्यांची वीज साठवावी लागते. त्यासाठी सर्वांत रुळलेला उपाय उदंचन जलविद्युत केंद्राचा : वीज शिल्लक असताना पाणी वरच्या तलावात चढवायचे, गरज पडली की खाली सोडून जनित्रे फिरवायची. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॉटचे असे केंद्र आहे. सह्याद्रीचा कडा थोड्या अंतरात शेकडो मीटर उतरतो, ही मोठीच सोय. मात्र ज्यात बोगदे खोदायचे तो त्याचा बेसाल्ट एकजिनसी नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असून काही थरांच्या मध्ये लाल, मऊ पट्टा सापडतो. उघडा पडून भिजला की तो ढिला होतो. काळा घट्ट बेसाल्ट दिसायला भक्कम, पण त्याला सांधे असतात व त्यांतून पाणी झिरपते; पोकळ्यांत खनिजे भरलेला कुहरी बेसाल्ट दिसतो दुबळा, पण सांधे कमी असल्याने बोगद्याला पुष्कळदा तोच बरा. नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. बोअर घेऊन गाभा पाहावाच लागतो.

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचे १,००० मेगावॉटचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. त्याला पाणी देण्यासाठी धरण रिकामे करणे परवडणारे नव्हते. तेव्हा बोगदा तलावाच्या तळाखालपर्यंत नेला, शेवटी खडकाचे बूच ठेवले आणि १३ मार्च १९९९ रोजी ते सुरुंगाने उडवले. फुटलेला दगड पाण्याबरोबर पुढे जाऊ नये म्हणून आधीच खड्डा खोदला होता. नॉर्वेत रुळलेले हे तंत्र ‘लेक टॅपिंग’ म्हणून ओळखले जाते. बूच अतिजाड राहिले तर फुटत नाही, अतिपातळ झाले तर कामगार आत असतानाच पाणी घुसते; सारी मदार खडकाच्या तपासणीवर. त्यातही हा भूकंपाचा टापू : ११ डिसेंबर १९६७ च्या धक्क्याने कोयना धरणाला तडे गेले होते, पुढे ते मजबूत करावे लागले. २५ एप्रिल २०१२ रोजी याच तलावाला दुसऱ्यांदा असा छेद दिला गेला.