इन्सॅट-३डीएस : उपग्रहाचे ढगचित्र आणि पेरणीचा निर्णय

जून महिन्यात मोबाइलवर ढगांचे चित्र येते. नांदेड-लातूरवर पांढरा पट्टा दिसला की पेरणीची घाई सुरू होते. हे चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजले तर दुबार पेरणीचा धोका कमी करता येतो.

उपग्रहाची ओळख
इन्सॅट-३डीएस हा हवामान उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ१४ या यानाने सोडण्यात आला. त्याचे वजन २,२७४ किलो असून खर्च केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला. इन्सॅट-३डी (२०१३) आणि इन्सॅट-३डीआर (२०१६) यांच्याच मालिकेतील हा पुढचा उपग्रह आहे.

तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीनेच फिरतो. त्यामुळे तो आपल्याला एकाच जागी स्थिर भासतो आणि भारतावर सतत नजर ठेवू शकतो.

उपकरणे
- इमेजर (६ चॅनेल) : ढगांची चित्रे घेतो.
- साउंडर (१९ चॅनेल) : वेगवेगळ्या उंचीवरील तापमान व आर्द्रता मोजतो.
- डेटा रिले : दुर्गम भागातील स्वयंचलित हवामान केंद्रांची माहिती गोळा करतो.

चित्र कसे वाचावे?
दृश्य प्रकाशातील चित्र फक्त दिवसा मिळते. अवरक्त चित्र रात्रीही मिळते. त्यात जास्त पांढरा भाग म्हणजे थंड, अर्थात उंच गेलेला ढगमाथा. मात्र उंचावरील विरळ ढगही पांढरे दिसतात, पण पाऊस देत नाहीत. उपग्रह ढगाचा माथा पाहतो, जमिनीवर पडलेला पाऊस मोजत नाही. शिवाय अवरक्त चित्रातील एक ठिपका सुमारे ४ किमी लांब-रुंद, म्हणजे साधारण १,६०० हेक्टरचा असतो. त्यात दोन-तीन गावांची शिवारे सहज बसतात. एका शिवारात पाऊस आणि शेजारी कोरडे, हा फरक त्यात दिसत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?
- ढगचित्र पाहून पेरणी करू नये. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल असल्याची खात्री झाल्यावरच सोयाबीन, तूर, कापसाची पेरणी करावी.
- पावसाचा आकडा आपल्या महसूल मंडळाचा पाहावा. शेतात साधे पर्जन्यमापक असल्यास उत्तम.
- फवारणी किंवा काढणीपूर्वी एकच चित्र न पाहता लागोपाठची तीन-चार चित्रे पाहावीत. ढग आपल्याकडे सरकत आहेत का, वाढत आहेत का, हे त्यावरून कळते.
- पुढील पाच दिवसांच्या अंदाजासाठी ‘मेघदूत’ ॲप व वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी यांचा कृषी हवामान सल्ला पाहावा.

ढग आकाशात दिसतात, ओल मात्र जमिनीतच तपासावी लागते.