दार-एस-सलाम शहराचा अन्नपुरवठा : शासकीय नियंत्रण आणि पर्यायी बाजार (१९६७-१९८५)

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर आफ्रिकेतील शहरांचा इतिहास बहुधा राजकीय घडामोडींच्या अंगाने अभ्यासला जातो. शहरवासीयांच्या ताटातील अन्न कोठून येते, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहतो. टांझानियातील दार-एस-सलामची लोकसंख्या १९६७ च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेतीन लाख होती. १९७८ मध्ये ती आठ लाखांच्या आसपास पोहोचली. या वाढत्या शहराला अन्न कोणी पुरविले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शासकीय व्यवस्था :
१९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर ज्युलियस न्येरेरे यांच्या शासनाने मोठ्या पीठगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय महामंडळाकडे पुढे धान्याची खरेदी, दळण व वितरण सोपविण्यात आले. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून देशभर एकच खरेदी दर लागू झाला. त्यामुळे इरिंगा, म्बेया, रुवुमा अशा दूरच्या प्रदेशांतील शेतकऱ्यांनाही समान भाव मिळाला. मात्र वाहतुकीचा भार महामंडळावर पडला. शहरात 'सेंबे' म्हणजे मक्याचे पांढरे पीठ नियंत्रित दराने विकले जाई. मध्यस्थाचा नफा टाळून शेतकरी व कामगार या दोघांचेही हित साधावे, हा यामागील हेतू निःसंशय उदात्त होता.

व्यवस्थेचे अपयश :
१९७३-७४ च्या दुष्काळाच्या काळातच ग्रामीण जनतेला नव्या वसाहतींत हलविण्याची मोहीम सुरू झाली. शेतीची घडी विस्कटली व धान्याची मोठी आयात करावी लागली. पुढे १९७८-७९ चे युगांडाशी युद्ध आणि १९७९ ची तेल दरवाढ यांमुळे परकीय चलन आटले. मालमोटारींचे सुटे भागही मिळेनासे झाले. सरकारी भाव परवडत नसल्याने शेतकऱ्यांनी आपले धान्य 'मागेंडो' म्हणजे काळ्या बाजाराकडे वळविले. नियंत्रित दर कागदावर राहिला, दुकानातील माल मात्र नाहीसा झाला.

पर्यायी बाजार :
या काळात शहर तगले ते नातेसंबंध, लहान व्यापारी आणि विशेषतः स्त्रियांच्या श्रमांवर. गावाकडून धान्य आणणे, घरी पदार्थ करून विकणे, कोंबड्या पाळणे, शहराच्या कडेला 'शांबा' म्हणजे शेतीचा तुकडा कसणे, ही पगारदार कुटुंबांचीही गरज बनली. शासनाने मात्र १९८३ मध्ये 'आर्थिक घातपाती' ठरवून व्यापाऱ्यांवर कारवाई केली. परिणामी टंचाई अधिकच तीव्र झाली. १९८४ मध्ये व्यापारावरील बंधने काही प्रमाणात सैल करण्यात आली, त्याच वर्षी सेंब्यावरील अनुदानही रद्द झाले. दुकाने पुन्हा भरू लागली. परंतु वाढलेले दर तुटपुंज्या वेतनाच्या आवाक्यात राहिले नाहीत. १९८५ मध्ये न्येरेरे राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झाले.

समारोप :
या शहरातील प्रमुख बाजारपेठेचे नाव 'कारियाकू'. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश 'कॅरियर कोअर' या हमाल पथकावरून ते रूढ झाले. साम्राज्याचे ओझे वाहणाऱ्या अनामिक माणसांची आठवण त्यात शिल्लक आहे. स्वतंत्र राष्ट्रातही शहराच्या अन्नाचे ओझे अशाच अनामिक हातांनी वाहिले, आणि शासनाने त्यांनाच दीर्घकाळ गुन्हेगार मानले. नियंत्रणाच्या काळात भाव होता पण धान्य नव्हते; मुक्ततेनंतर धान्य आले, पण क्रयशक्ती नव्हती. म्हणून अन्नपुरवठ्याच्या इतिहासाचे मोजमाप साठ्यावरून वा दरपत्रकावरून न करता, गरिबाच्या घरी चूल पेटली की नाही यावरूनच करावे लागेल. २०२२ च्या जनगणनेत त्रेपन्न लाखांवर गेलेल्या या शहराच्या संदर्भात हा निकष आजही तितकाच महत्त्वाचा ठरतो.