कानावरचा दाब

वैमानिकांच्या हेडसेटचा इतिहास सांगायला बसले की गोष्ट हमखास 1978 सालच्या एका विमानप्रवासापासून सुरू होते. युरोपातून बॉस्टनला परतताना एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस यांना विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनमधून घरघरीपलीकडे धड काही ऐकू येईना. त्यांनी बसल्या जागी कागदावर गणित मांडले आणि ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडसेटची पायाभरणी झाली. गोष्ट खोटी नाही. बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, म्हणून आपल्याकडे ती जरा जास्तच आवडीने सांगितली जाते. पण कुळकथा म्हणून ती अपुरी पडते. आवाजाने आवाज मारायची कल्पना तोवर पंचेचाळीस वर्षे जुनी झाली होती. शिवाय शांततेची हौस म्हणून ही वस्तू बदलत गेली असे तिच्याकडे पाहून वाटत नाही. तिला दर टप्प्यावर पुढे रेटले ते डोक्यावर आणि कानांवर बसणाऱ्या दाबाने. आज हेडसेट निवडतानाही नेमका हाच मुद्दा दुय्यम ठरवला जातो.

सुरुवातीला कान वाचवणे हा कोणाचाच हेतू नव्हता. ऐकू आले म्हणजे पुरे. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या गॉसपोर्ट इथल्या वैमानिक शाळेत शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक बोलनळी आली. शिक्षक तोंडाशी धरलेल्या टोकात बोलणार आणि शब्द विद्यार्थ्याच्या कातडी टोपीतून कानाशी पोहोचणार. वीज नाही, तार नाही. पुढे विमानांत रेडिओ आला तेव्हा त्याच टोपीत टेलिफोनच्या जातीचे इअरफोन शिवले गेले. टोपी घट्ट बांधायची ती वाऱ्यासाठी. आवाज अडला तर तो वरचा नफा.

इथून या कुळाच्या दोन शाखा फुटल्या. पहिली हलकेपणाची. 1961 मध्ये कॅलिफोर्नियात दोन वैमानिकांनी प्लँट्रॉनिक्स ही कंपनी काढली, कारण त्या काळचे हेडसेट त्यांना अवजड वाटत. त्यांचा हेडसेट इतका छोटा होता की तो अंतराळवीरांपर्यंत गेला. 1969 मध्ये आर्मस्ट्राँग चंद्रावरून बोलले ते याच कंपनीच्या हेडसेटमधून. पण हलकेपणा मिळाला तो आवाज अडवण्याचा नाद सोडून. दुसरी शाखा संरक्षणाची, आणि तिचा उगम गमतीदार आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची डेव्हिड क्लार्क कंपनी मुळात विणलेली अंतर्वस्त्रे बनवणारी. दुसऱ्या महायुद्धात ती लढाऊ वैमानिकांचे दाबपोशाख शिवू लागली, मग जेटच्या गोंगाटात काम करणाऱ्यांसाठी कानरक्षक आले आणि 1975 मध्ये लहान विमानांसाठी आवाज अडवणारा हेडसेट. त्याच्या हिरव्या घुमटासारख्या वाट्या आजही कोणत्याही धावपट्टीवर ओळखू येतात. देहाला घट्ट बसणारी वस्तू कशी बेतायची हे जाणणाऱ्या घराने हे काम करावे यात मला तरी नवल वाटत नाही.

दाब लागतो कशाला, याचे उत्तर इंजिनात आहे. सेसना 172 चे चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल तर सेकंदाला 80 स्फोट होतात. पंख्याला पाती दोन, म्हणजे हवेला बसणारे फटकेही सेकंदाला 80. दोन्ही एकाच खर्जात येतात आणि 80 हर्ट्झच्या त्या ध्वनीची तरंगलांबी चार मीटरहून जास्त भरते. कर्कश, बारीक आवाज फोम आणि प्लास्टिक सहज गिळतात. हा खर्ज मात्र त्यांना जुमानत नाही. त्याला अडवायचा तर वाटी मोठी हवी, जड हवी, आणि गादी डोक्याला फट न ठेवता चिकटलेली हवी. चष्म्याची काडी मध्ये आली तरी फट पडते. म्हणून पट्टीची पकड आवळायची, आणि दोन तासांनी डोके ठणकू लागले की वैमानिक एक वाटी कानावरून सरकवणार. त्या क्षणी खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ल्युएग यांनी 1933 मध्येच पेटंटचा अर्ज केला होता: ध्वनीच्या लाटेवर तिचीच उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकींना खोडतात. कल्पना बिनतोड, साधने मात्र नव्हती. 1950 च्या दशकात अमेरिकेत लॉरेन्स फोगेल यांनी कॉकपिटसाठी आणि विलर्ड मीकर यांनी कानरक्षकासाठी ती पुढे नेली, पण तेव्हाची इलेक्ट्रॉनिक्स कानावर बाळगण्याजोगी नव्हती. खोलीभर आवाज खोडणे जमत नाही, कारण एका कोपऱ्यात जुळलेली लाट दुसऱ्या कोपऱ्यात बिघडते. कानावरची वाटी मात्र काही सेंटिमीटरची. चार मीटरच्या लाटेपुढे तिच्यातला हवेचा दाब सगळीकडे जवळपास सारखाच. म्हणून आत एक माइक आणि एक स्पीकर पुरतो. बारीक आवाजांच्या वेगाला हे सर्किट पुरे पडत नाही, ते काम फोमकडेच राहते. जर्मनीत सेनहायजरने लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी याच वाटेने काम केले. 1986 च्या डिसेंबरमध्ये डिक रुटान आणि जीना येगर ‘व्हॉएजर’मधून कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा त्यांच्या कानांवर बोस यांचे प्रायोगिक हेडसेट होते. 1989 मध्ये ते बाजारात आले. खर्जाचा भार सर्किटने उचलल्यावर वाटी लहान करता आली, पकड सैल करता आली. माझ्या लेखी या शोधाची खरी कमाई ही सैल झालेली पकड आहे.

यावर पहिला आक्षेप किमतीचा, आणि तो रास्त आहे. साध्या हेडसेटच्या दोन-तीन पट पैसे मोजायचे आणि बॅटरी संपली की उरतो तो लहान वाटीचा सैल हेडसेट. बारामतीत किंवा धुळ्यात तासाभराच्या फेऱ्या मारणाऱ्या शिकाऊ वैमानिकाने नीट बसणारा साधा हेडसेट घेतला तर त्यात गैर काही नाही. जेलच्या गाद्या घातल्या तर चष्म्यासोबतही तो बराच सुसह्य होतो. पण लांब पल्ल्याला हिशेब बदलतो. दुसरा आक्षेप जुन्याजाणत्यांचा: इंजिनाचा सूर बदललेला कळणार कसा? सर्किट खोडते तो मुख्यतः खालच्या पट्टीतला आवाज. ‘स्टॉल’चा इशारा देणारा भोंगा वरच्या पट्टीत वाजतो आणि खर्ज हटल्यावर तो उलट ठळक ऐकू येतो. इंजिन अडखळले तर ते सीटमधून, हातातल्या दांड्यातूनही जाणवते. मात्र सूर आता वेगळा ऐकू येणार हे खरे आहे, आणि नव्या हेडसेटला सरावायला पहिली काही उड्डाणे द्यावी लागतात. तेव्हा दुकानात पाच मिनिटे कानाला लावून निर्णय घेऊ नये. नेहमीचा चष्मा आणि टोपी घालून, इंजिन चालू असताना, निदान दोन तास तो डोक्यावर ठेवावा आणि मध्येच सर्किट बंद करून पाहावे.